आतून घेतलेली मोजणी

आमच्या वावराची मोजणी झाली तेव्हा मी सहावीत होतो. आमच्या कडा गावच्या शिवारात बांध कोरल्याच्या कुरबुरी काही नव्या नाहीत. आमचीही बरीच वर्षं चाललेली होती, शेवटी दोन्ही घरांनी मिळून मोजणीचे पैसे भरले. भूकरमापक सकाळी लवकर आले. तिपाईवर फळा, फळ्यावर कागद, शेजारी झेंडे आणि लोखंडी साखळी. साखळी ३३ फुटांची. लांबी ३३ फूट आणि रुंदी ३३ फूट म्हणजे एक गुंठा, हे मला त्या दिवशी कळलं. वावराच्या मधोमध एक टेकाड होतं. साखळी त्यावरून न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती जमिनीला टेकू दिली नाही. दोन माणसांनी ती आडवी ताणून धरली, खालच्या टोकाला ओळंबा सोडला आणि तिथे खूण केली. असं का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "जमीन वर-खाली असते बाळा, नकाशाचा कागद सपाट असतो."

पुढे विश्वाच्या आकाराविषयी वाचायला लागलो तेव्हा हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. वावराला टेकाड आहे हे कळायला अडचण नसते. बांधावरच्या लिंबावर चढलं की सगळं दिसतं. विश्वाच्या बाहेर मात्र लिंब नाही. मोजणारा आत, साखळी आत आणि मोजायचं तेही तेच. तरीही माणसाने ही मोजणी केली आणि तिची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात यावी इतपत ती पूर्ण झाली आहे. काही हद्दी अजून कायम व्हायच्या आहेत. या कामातला मोठा वाटा आपल्या मुलखात बसून किंवा आपल्या मुलखातून गेलेल्या माणसांनी उचलला आहे, म्हणून हा आढावा.

आतून आकार कसा कळतो, याचं पहिलं मोठं उदाहरण पृथ्वीचं, आणि त्याची एक खूण विदर्भात आहे. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे निघाला. अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र टेकडीवर चढवायचं, दूरच्या दोन खुणांमधला कोन घ्यायचा, पुढच्या टेकडीवर जायचं. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे हे ठरवणं हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. वीस वर्षं हे काम करून लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

त्या त्रिकोणांत एक गोष्ट दडलेली होती. शाळेत शिकवतात की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. जमिनीवर ५० किलोमीटर बाजूंचा त्रिकोण घेतला तर ती बेरीज सुमारे साडेपाच विकलांनी जास्त भरते. एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. दर १९७ चौरस किलोमीटरमागे एक विकला, असा हा हिशेब. या जादा विकला सांगतात की जमीन गोल आहे. त्यासाठी वर आभाळात जाऊन बघावं लागत नाही, कोन नीट मोजले की पुरे. गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली हेच सिद्ध केलं: पृष्ठभागाची वक्रता त्या पृष्ठभागावर राहूनच मोजता येते. भोपळ्यावर फिरणाऱ्या मुंगीला भोपळा गोल असल्याचं भोपळा न सोडता कळू शकतं. रीमानने १८५४ साली हा विचार लांबी-रुंदी-उंची असलेल्या अवकाशालाही लावला. म्हणजे आपण ज्यात उठतो-बसतो ते अवकाशच वाकलेलं असू शकतं, आणि त्याचीही परीक्षा त्रिकोणानेच घ्यायची.

इथवर हे गणित होतं. अवकाश वाकतं कशाने, याचं उत्तर भौतिकशास्त्राने १९१५ साली दिलं. आइन्स्टाइनच्या समीकरणांत एका बाजूला वक्रता आहे आणि दुसऱ्या बाजूला द्रव्य आणि ऊर्जा. १९१७ साली त्याने ही समीकरणं सगळ्या विश्वाला लावली आणि एक बंदिस्त विश्व मांडलं: मर्यादित, पण कुठेही कड नसलेलं. ते स्थिर राहावं म्हणून त्याने एक जादा पद घातलं. पाचच वर्षांनी रशियातल्या फ्रीडमनने दाखवलं की विश्व स्थिर असण्याची गरज नाही, ते प्रसरण पावू शकतं. लमेत्रने १९२७ साली आणि हबलने १९२९ साली दूरच्या दीर्घिकांच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे सरकण्यावरून, ते प्रसरण पावत असल्याचं दाखवून दिलं.

या समीकरणांतून आकाराचा प्रश्न फार नेमका होतो. विश्वात दर घनमीटरला किती द्रव्य आणि ऊर्जा आहे, यावर सगळं ठरतं. एक निर्णायक घनता आहे, साधारण घनमीटरला हायड्रोजनचे पाच-सहा अणू. घनता त्याहून जास्त असेल तर अवकाश गोलासारखं आतल्या बाजूला वळलेलं. त्रिकोणाची बेरीज १८० अंशांहून जास्त. कमी असेल तर घोड्याच्या खोगिरासारखं, बेरीज १८०हून कमी. बरोबर तेवढीच असेल तर सपाट. पाच-सहा अणू! आपल्या एका श्वासात अब्जावधी अब्ज अणू असतात. विश्वाचा आकार इतक्या विरळ गोष्टीवर तोललेला आहे, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आपल्याकडे हा विषय आला तो नारळीकर घराण्यातून. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतल्यावर १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख झाले आणि सापेक्षतेची एक शाळाच तिथे उभी राहिली. प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांचं प्रकाश सोडणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचं उत्तर त्याच शाळेतलं. विष्णु नारळीकरांचे चिरंजीव जयंतराव १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मले, बनारसला वाढले आणि १९५७ साली केंब्रिजला गेले. तिथे त्यांना फ्रेड हॉइल भेटले.

हॉइल, बॉण्डी आणि गोल्ड यांनी १९४८ साली स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता. विश्व प्रसरण पावतं, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका दूर जातात तशी मधल्या जागेत नवी द्रव्यनिर्मिती होत राहते आणि विश्वाचं रूप सदाचं तसंच राहतं. निर्मितीचा वेग इतका कमी की प्रयोगशाळेत तो कधी पकडता आला नसता. या सिद्धांताची एक बाजू लोकांच्या फारशी लक्षात राहिलेली नाही. त्यात अवकाश सपाट असणं सक्तीचं होतं, कारण वक्रता असती तर ती काळानुसार बदलली असती आणि विश्वाचं रूप कायम राहिलं नसतं. शिवाय प्रसरणाचा वेग वाढत जाणं हेही सक्तीचं होतं.

केंब्रिजमध्येच मार्टिन राइल रेडिओ स्रोतांची मोजदाद करत होते. १९६१च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की अंधूक स्रोत स्थिर स्थितीच्या हिशेबापेक्षा फार जास्त आहेत, म्हणजे पूर्वीचं विश्व आजच्यापेक्षा वेगळं होतं. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायला हॉइल जाऊ शकत नव्हते, तेव्हा त्यांनी आपल्या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याला उभं केलं. जयंतरावांचं उत्तर असं होतं की विश्वात स्रोत सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पट्ट्यांत कुठे गर्दी आणि कुठे पोकळी आहे असं धरलं तर मोजदादीचा अर्थ बदलतो. इतक्या मोठ्या पट्ट्यावर गर्दी आणि पोकळी असेल, हे तेव्हा फारसं कुणी मनावर घेत नव्हतं.

मुख्य वाद ते हरले. पेन्झिअस आणि विल्सन यांना १९६४-६५ साली सगळ्या आकाशातून सारखे येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले. तप्त आरंभाची ती उरलेली ऊब होती आणि स्थिर स्थितीला तिचं सरळ उत्तर नव्हतं. नारळीकरांनी वाद सोडला नाही. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ साली त्यांनी सुधारलेली, आंदोलनं घेणारी स्थिर स्थिती मांडली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तीही स्वीकारली नाही, आणि पुरावा पाहता ते बरोबर होतं असं मला वाटतं. पण हिशेब पुरा मांडायचा तर दुसरी बाजूही लिहावी लागते. गर्दी आणि पोकळ्या खऱ्या निघाल्या. प्रसरणाचा वेग वाढत असल्याचं १९९८ साली खरं निघालं. अवकाश सपाट निघालं. हरलेल्या पक्षाने सांगितलेल्या तीन गोष्टी जिंकलेल्या पक्षाच्या नकाशात जागच्या जागी बसल्या आहेत. विज्ञानाचा इतिहास शिकवताना हे मुलांना सांगितलं पाहिजे.

अवकाश सपाट असल्याचं कळलं कसं? इथे लॅम्ब्टनची रीत पुन्हा कामाला आली. आरंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व म्हणजे एक चमकती, दाट, तापलेली वाफ होती. तिच्यात ध्वनीच्या लहरी फिरत होत्या. नंतर ती थंड झाली, अणू बनले, प्रकाश मोकळा झाला आणि लहरी होत्या तिथेच गोठल्या. तेवढ्या काळात आवाज किती अंतर जाऊ शकतो हे भौतिकशास्त्र काढून देतं: त्या वेळच्या मापाने सव्वाचार लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. ही झाली पायारेषा. ती आकाशाच्या पार मागच्या भिंतीवर आखलेली आहे, आणि तिची दोन टोकं आणि आपला डोळा मिळून त्रिकोण होतो. तिन्ही बाजू माहीत आहेत. राहिला तो कोन. अवकाश सपाट असेल तर त्या प्रारणातले ठळक डाग साधारण एक अंशाचे दिसायला हवेत, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट. अवकाश गोलासारखं असेल तर भिंगातून पाहिल्यासारखे मोठे, खोगिरासारखं असेल तर बारीक.

डाग आहेत हे 'कोबे' उपग्रहाने १९९२ साली दाखवलं. तापमान सगळीकडे २.७२५ केल्विन, फरक लाखात एक. अंटार्क्टिकावर फुग्यातून सोडलेल्या 'बूमरँग' प्रयोगाने २००० साली डागांचा नेमका आकार सांगितला: एक अंश. मग 'डब्ल्यूमॅप', मग 'प्लांक' हे उपग्रह आले. प्लांकच्या २०१८च्या निकालांत दीर्घिकांची मोजणी मिळवली तर वक्रतेचा आकडा शून्यापासून हजारात दोन-तीन भागही दूर जात नाही. जो सर्वांत मोठा त्रिकोण माणसाला आखता येणं शक्य आहे, तो त्याने आखला आणि त्याच्या कोनांची बेरीज १८० अंश भरली.

या निकालाने समाधान व्हायला हवं होतं, झाली उलट पंचाईत. सपाटपणा ही फार नाजूक अवस्था आहे. विळा पात्याच्या टोकावर उभा करण्यासारखी. घनता सुरुवातीला निर्णायक आकड्यापासून जरा जरी ढळलेली असती तरी फरक वाढत गेला असता. आज इतकी सपाटी दिसायची तर पहिल्या सेकंदाला ती आकड्याशी पंधरा-सोळा दशांश स्थळांपर्यंत जुळलेली हवी. ती तशी का होती? अॅलन गुथ, स्टारोबिन्स्की, लिंडे यांनी १९८०च्या सुमारास उत्तर सुचवलं की अगदी पहिल्या क्षणी विश्व प्रचंड वेगाने फुगलं. आपलं शिवार आपल्याला सपाट वाटतं कारण पृथ्वी त्या मानाने अफाट मोठी आहे. तसंच हे. पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेचे नारळीकर आणि त्यांच्यासह पद्मनाभन यांनी १९९१ साली या कल्पनेचा आढावा घेताना तिच्या कच्च्या जागाही दाखवल्या होत्या. फुगवट्याची थेट खूण, म्हणजे त्या क्षणीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा, अजून सापडलेला नाही. मी या कल्पनेकडे चांगल्या वकिलाच्या युक्तिवादासारखं पाहतो. पटते, पण साक्षीदार यायचा आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. सपाट म्हणजे अनंत, असं धरून चालतात. घरातली चटई घ्या, तिच्यावर खडूने त्रिकोण काढा आणि चटईची गुंडाळी करा. त्रिकोणाचे कोन बदलत नाहीत. मुंगीच्या मोजणीत चटई अजून सपाटच आहे, पण गुंडाळीभोवती सरळ चालत गेलेली मुंगी फिरून मूळ जागी येते. या नळीची दोन तोंडं एकमेकांना जोडली तर डोक्यावर घागर ठेवताना खाली घेतात त्या चुंबळीसारखा आकार होतो. खऱ्या कापडाला तिथे चुण्या पडतात, ताण बसतो. गणितातल्या चुंबळीला मात्र सपाट राहता येतं. म्हणजे विश्व सपाट असूनही मर्यादित असू शकतं, आणि आइन्स्टाइनची समीकरणं याविषयी काहीच बोलत नाहीत. ती ठिकठिकाणची वक्रता सांगतात, टोकं कशी जोडली आहेत ते सांगत नाहीत.

मग ते शोधायचं कसं? विश्व असं जोडलेलं आणि पुरेसं लहान असेल तर तोच प्रदेश आपल्याला दोन दिशांना दिसेल, आणि त्या प्राचीन प्रारणात एकसारखी दोन वर्तुळं सापडतील. ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी २००३ साली बारा पंचकोनी बाजूंच्या विश्वाची कल्पना मांडली तेव्हा तिचा बराच गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी कॉर्निश, स्परगेल, स्टार्कमन आणि कोमात्सु यांनी वर्तुळं शोधली आणि ती मिळाली नाहीत. आयुकातल्या तरुण सौरदीप यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. नव्वदीच्या दशकाअखेर त्यांनी बॉण्ड आणि पोगोस्यान यांच्यासह बंदिस्त विश्वांच्या नमुन्यांना कोबेची कसोटी लावली, आणि पुढे अमीर हाजियान यांच्यासह आकाश सर्व दिशांना खरंच सारखं आहे का, हे तपासायची एक नवी गणिती पद्धत दिली. आज एवढं ठामपणे सांगता येतं की विश्व जोडलेलं असलंच तर त्याची चुंबळ आपल्याला दिसणाऱ्या विश्वापेक्षा फारशी लहान नाही. दिसणारं विश्व आपल्यापासून सगळीकडे सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षं पसरलेलं आहे. त्यापलीकडची हद्द अजून कायम झालेली नाही.

आकाराचं इथवर. आता घडण. कड्याला रात्रपाळीची लाईट असते तेव्हा दारं धरायला जावं लागतं. मोटार चालू असते, एक वाफा भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं मिळतात, आणि बॅटरी बंद केली की आकाश दिसतं. आमच्या आजीचं आकाश म्हाताऱ्या बाईचं बाजलं आणि ते पळवणारे तीन चोर, असं होतं. शाळेत त्याला सप्तर्षी म्हणायला शिकवलं. ही सगळी आपल्या आकाशगंगेतली शेजारपाजारची मंडळी. खरी घडण याच्या फार पलीकडे सुरू होते. दीर्घिकांचे समूह, समूहांचे महासमूह, त्यांना जोडणारे लांबच लांब धागे आणि धाग्यांच्या मधे कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या रित्या जागा. १९८६ साली द लापराँ, गेलर आणि हकरा यांनी आकाशाच्या एका पट्टीतल्या हजारभर दीर्घिकांचं अंतर काढून नकाशा केला, तेव्हा ही जाळी पहिल्यांदा स्वच्छ दिसली.

लाखात एक एवढ्या फरकातून ही जाळी कशी बनली असेल? मृगाचा पहिला जोरदार पाऊस मशागत केलेल्या वावरात पडतो तेव्हा पाणी कसं वागतं ते आठवा. डोळ्याला जमीन एकसारखी दिसते. पाण्याला मात्र बोटभर खोलगट जागासुद्धा कळते. ते तिकडे सरकतं, जाता जाता ती जागा आणखी खोदतं, ओघळ होते, ओघळी मिळून ओढा होतो. गुरुत्वाकर्षणाचं असंच आहे. जिथे द्रव्य किंचित जास्त तिथे ओढ किंचित जास्त, म्हणून आणखी द्रव्य येतं, म्हणून आणखी ओढ. झेल्डोविच या रशियन शास्त्रज्ञाने १९७० साली गणिताने दाखवलं की द्रव्याचा आधी एका दिशेने दबून पत्रा होतो, मग पत्र्यांच्या कडांवर धागे आणि धाग्यांच्या गाठी. दीर्घिकांचे समूह म्हणजे या गाठी.

हिशेब मात्र एका जागी अडतो. प्रारण मोकळं झाल्यापासून विश्व सुमारे ११०० पट पसरलं आहे आणि त्या काळात सुरुवातीचा फरक साधारण तेवढ्याच पटीने वाढू शकतो. लाखात एक गुणिले ११०० म्हणजे शंभरात एक. शंभरात एक फरकाने दीर्घिका बनत नाहीत, आपण बनत नाही. म्हणजे कुणीतरी आधीपासून खोदायला लागलेलं असलं पाहिजे. ते कृष्णद्रव्य. त्याचा प्रकाशाशी संबंध येत नाही, त्यामुळे तापलेल्या वाफेचा दाब त्याला अडवू शकला नाही. नेहमीचं द्रव्य लहरींत हेलकावत होतं तेव्हाच कृष्णद्रव्याचे खड्डे तयार होत होते. नंतर नेहमीचं द्रव्य त्यांत उतरलं. झ्विकीने १९३३ साली केश समूहातल्या दीर्घिकांच्या वेगावरून आणि व्हेरा रुबिनने १९७०च्या दशकात दीर्घिकांच्या फिरण्यावरून कृष्णद्रव्याची चाहूल दिली होती. माझ्या मते सर्वांत सबळ साक्ष या ११०० पटींच्या गुणाकाराची आहे. प्लांकच्या हिशेबात नेहमीचं द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के आणि कृष्णऊर्जा ६८ टक्के. कृष्णद्रव्याचा कण कोणता, हे कुणालाही अजून सांगता आलेलं नाही.

या जाळीचं वर्णन करायलाही मापं लागतात, नाहीतर एकाला धागा दिसतो आणि दुसऱ्याला पत्रा. आयुकातले वरुण साहनी यांनी सत्यप्रकाश आणि शांडारिन यांच्यासह १९९८ साली त्यासाठी गणिती मापं दिली. कितीही वेडावाकडा पुंजका असो, त्याचं घनफळ, पृष्ठभाग आणि वक्रता यांवरून त्याची जाडी, रुंदी, लांबी निघते. मला हे काम मोजणीखात्याच्या परंपरेतलं वाटतं. बांध वेडावाकडा असतो म्हणून क्षेत्र काढायचं थांबत नाही.

याच पुण्यातून २०१७च्या जुलैमध्ये एक बातमी आली होती. आयुकाचे जयदीप बागची, आयसर पुण्याचे शिशिर सांख्यायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या नोंदी चाळून दीर्घिकांचा एक महासमूह शोधला. आयुका आणि आयसर पुणे यांच्याबरोबर जमशेदपूर आणि केरळमधल्या संस्थाही त्यात होत्या. नाव ठेवलं सरस्वती. मीन राशीच्या दिशेला, ४०० कोटी प्रकाशवर्षांवर. विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षं, निदान ४३ समूह, वस्तुमान सुमारे दोन कोटी अब्ज सूर्यांएवढं. मीन म्हणजे रेवती नक्षत्राची रास. आमच्याकडे नक्षत्रं पावसाच्या हिशेबाला लागतात, रेवतीचं नाव क्वचितच निघतं. सरस्वतीचा आज दिसणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वी तयार होऊन जेमतेम पन्नास-साठ कोटी वर्षं झाली होती. इतक्या आधी इतकी मोठी घडण कशी जमली, हा प्रश्न सरस्वतीने पुढे ठेवला आहे.

खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बरेच जण पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना लांबून पाहतात. आम्हाला नगरवरून आळेफाट्याने जावं लागतं. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. मधल्या चौकात चौदा, बाकीच्या तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. जवळ गेल्यावर लक्षात येतं की तबकडी भरीव नाही, तारेच्या जाळीची आहे. वारा आरपार जातो, वजन कमी लागतं, म्हणून ती स्वस्तात झाली. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी आरशासारखीच असते. २०२० साली इथल्या निरीक्षणांतून आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी ७,६०० हून जास्त दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत अणुरूप हायड्रोजन किती होता ते काढलं. एकेका दीर्घिकेचा संकेत ऐकूच येत नाही, हजारो मिळून ऐकू येतात. २०२३च्या जूनमध्ये जगभरच्या गटांनी स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींची चाहूल जाहीर केली. त्यातही खोडदच्या नोंदी होत्या.

आता प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्णऊर्जेकडे येतो. १९९८ साली दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांवरून (सुपरनोव्हांवरून) प्रसरण वेगावल्याचं कळलं, तेव्हा आकार आणि भवितव्य यांची गाठ सुटली. पूर्वी शिकवत की गोल विश्व आकसून संपणार आणि बाकीची पसरत राहणार. कृष्णऊर्जा असेल तर गोल विश्वही पसरत राहू शकतं. आता तर ती कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी, असे इशारे 'डेसी' सर्वेक्षणाने २०२४ आणि २०२५ साली दिले आहेत. ज्या ध्वनिलहरींचे डाग प्रारणात आहेत, त्यांचाच ठसा दीर्घिकांच्या पसरणीत सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षांच्या मापाने उमटलेला आहे. तीच पायारेषा, वेगवेगळ्या काळांत मोजलेली. इशारा पक्का ठरला तर सगळं पुन्हा मांडावं लागेल. प्रसरणाच्या वेगाचाही असाच तंटा आहे. प्राचीन प्रारणावरून तो खगोलशास्त्राच्या एककात ६७.४ निघतो आणि जवळच्या ताऱ्यांवरून ७३च्या आसपास. दोन मोजणीदार, दोन क्षेत्रं, आणि दोघांच्याही साखळ्या तपासून झालेल्या.

आरंभाचं काय? अमलकुमार रायचौधुरींनी १९५५ साली दिलेल्या समीकरणातून दिसतं की सापेक्षतेच्या चालीने मागे जात राहिलं तर घनता अनंत होते आणि समीकरणच बंद पडतं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ साली या समीकरणांना नवी चलं दिली. त्यातून अवकाशालाही कण असतात असं म्हणणारा पुंजगुरुत्वाचा एक सिद्धांत उभा राहिला. पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासह त्यांनी २००६ साली दाखवलं की या सिद्धांतात विश्व मागे मागे जाताना शून्याला पोचत नाही, एका प्रचंड पण मर्यादित घनतेला उसळी घेतं. त्या उसळीच्या अलीकडे आपलं विश्व, पलीकडे आकसणारं दुसरं. निरीक्षणाचा कौल त्याला मिळालेला नाही. पण आरंभच नाही असं म्हणणारे नारळीकर आणि आरंभ म्हणजे उसळी असं म्हणणारे अष्टेकर, ही दोन्ही माणसं आपल्याच मातीतली आहेत, हे मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं मला पाहायचं आहे.

जयंतराव २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. विज्ञानकथांपासून लेखांपर्यंत त्यांनी इतकं मराठीत लिहिलं की कृष्णविवर, दीर्घिका हे शब्द आता गावच्या मुलालाही परके वाटत नाहीत.

पुढची मोजणी मराठवाड्यात होणार आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३च्या एप्रिलमध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, त्यांत निर्वात नळ्या आणि लेसर. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की गुरुत्वीय लहरीवरून त्यांचं अंतर थेट निघतं, मधे दुसरी कोणती साखळी लागत नाही, म्हणून ६७ आणि ७३चा तंटा मिटवायला या मोजणीवर मोठी भिस्त आहे. गोंगाटातून ही लहर ओळखायची पद्धत घडवण्यात आयुकाचे संजीव धुरंधर यांचा हात आहे. आठवड्याच्या बाजाराच्या कालव्यात आपल्या माणसाची हाक ओळखू येते, कारण ती हाक आपल्याला आधी ठाऊक असते. संगणकात अशा हजारो हाका आधी मांडून ठेवाव्या लागतात.

प्रकाश सरळ जाणार म्हणून नळीही सरळ हवी. जमीन सरळ नाही. चार किलोमीटर गेल्यावर पृथ्वीची गोलाई सुरुवातीच्या पातळीपासून सव्वा मीटर खाली उतरलेली असते. औंढ्याला बाहू टाकताना तेवढी भर धरून पाया घ्यावा लागेल, आणि त्या कामावरच्या मोजणीदाराला आमच्या टेकाडावर साखळी आडवी धरणाऱ्या त्या दोन माणसांसारखंच करावं लागेल.